वजाबाकीचे सत्य

देवपूजेचा आरंभ फुले वाहण्याने होत नाही. काल वाहिलेली फुले काढण्याने होतो. आधी निर्माल्य उतरवावयाचे, मग स्नान, मग गंध, आणि त्यानंतर नवे फूल, असा क्रम आपल्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. अर्पण करण्यापूर्वी काढावे लागते, ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यामागे एक अवघड प्रश्न दडलेला आहे, हे सहसा ध्यानी येत नाही. काढणाऱ्या हाताला निर्माल्य कोणते आणि मूर्तीचे अंग कोणते, हे आधी ठाऊक असावे लागते. देव्हाऱ्यात ते ठाऊक असते. ज्ञानाच्या क्षेत्रात पुष्कळदा नसते. तेथे जे समोर दिसले त्यातून काही भाग वगळल्यावाचून अर्थ लागत नाही, आणि वगळले की मनात शंका उभी राहते: उरले ते सत्य, की आपल्याला हवे होते तेवढेच आपण उरू दिले?

सुरतेत राहणाऱ्यांस तरी हा प्रश्न केवळ पुस्तकी वाटू नये. वराछा आणि कतारगाम या भागांतील कारखान्यांत जगातील हिऱ्यांच्या फार मोठ्या वाट्याला पैलू पडतात, आणि महिधरपुऱ्याच्या बाजारात कागदाच्या लहानशा पुडीतून लाखो रुपयांचा माल एका हातातून दुसऱ्या हातात केवळ विश्वासावर जातो. आता त्याच शहरात प्रयोगशाळेत वाढविलेले हिरेही तयार होतात. तोही खराच हिरा, तोही निव्वळ कार्बन. डोळ्यांना, किंबहुना भिंगालाही, भेद दिसत नाही. भावात मात्र जमीनअस्मानाचे अंतर. तेव्हा पुडीतील खड्याचे कुळ सांगण्याचे काम यंत्राकडे, म्हणजेच यंत्राने काढलेल्या आलेखाकडे, आणि पर्यायाने त्या आलेखातून काय वजा करावे हे ठरविणाऱ्या माणसाकडे आले आहे. त्याच्या एका रेषेवर कोणाची तरी पत टिकते किंवा बुडते.

या वजाबाकीचे शास्त्र ज्या विद्येत फार काटेकोरपणे घडले, ती विद्या क्ष-किरणांच्या शोषणाची. व्हिल्हेल्म राँटगेन यांना १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लागला. पुढे असे आढळले की एखाद्या पदार्थावर सोडलेल्या किरणांची ऊर्जा क्रमाक्रमाने वाढवीत नेली, तर शोषण आधी सावकाश उतरत जाते आणि एका ठराविक ठिकाणी एकाएकी उसळी घेते. ही उसळी म्हणजे शोषणाची कडा. प्रत्येक मूलद्रव्याची कडा वेगळी: लोखंडाची ७,११२ इलेक्ट्रॉन व्होल्टवर, तांब्याची ८,९७९ वर. तेवढी ऊर्जा मिळताच अणूच्या सर्वांत आतल्या कक्षेतील इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो. ह्यूगो फ्रिके यांनी १९२० साली या कडांपाशी सूक्ष्म रचना नोंदविली. राल्फ क्रोनिग यांनी १९३१ पासून कडेपलीकडील बारीक चढउतारांची उपपत्ती मांडावयास प्रारंभ केला. आणि १९७१ साली सेयर्स, स्टर्न व लिटल या तिघांनी दाखवून दिले की या चढउतारांतून अणूच्या शेजाऱ्यांची अंतरे काढता येतात. बाहेर पडलेल्या इलेक्ट्रॉनची लहर आसपासच्या अणूंवर आपटून परतते, आणि त्या प्रतिध्वनीमुळे शोषणाच्या आलेखावर तरंग उठतात. विहिरीत हाक मारावी आणि परतलेल्या आवाजावरून भिंती किती दूर आहेत ते ओळखावे, तसा हा प्रकार होय.

मराठी माणसाला ही विद्या परकी नाही. प्रा. चिंतामणी मांडे यांनी पॅरिस येथे इव्हेत कोश्वा यांच्या हाताखाली क्ष-किरण वर्णपटांचा अभ्यास केला आणि नागपूर विद्यापीठात या विषयाची परंपरा उभी केली. कोश्वाबाईंच्या गौरवार्थ १९८२ साली निघालेल्या ग्रंथाच्या दोन संपादकांपैकी ते एक होते. एके काळी हे वर्णपट काचेच्या छायापट्टीवर उमटत. अशी पट्टी अंधारातही धुतली तरी थोडीशी काळवंडतेच. तेव्हा किरणांमुळे आलेला काळेपणा किती आणि पट्टीचा मूळचा किती, हा हिशेब मांडल्याखेरीज पुढे पाऊल टाकता येत नसे. आज छायापट्टीची जागा विद्युत्‌मापकाने घेतली आहे, आणि इंदूर येथे सुमारे १७२ मीटर परिघाचे ‘इंडस-२’ हे यंत्र अशा अभ्यासासाठी किरण पुरविते. साधने पालटली, वजाबाकी टळली नाही.

या वजाबाकीच्या तीन पायऱ्या आहेत, आणि प्रत्येकीत एकेक नीतीचा धडा आहे.

पहिली पायरी कडेच्या अलीकडची. समजा, मातीच्या नमुन्यातील लोखंड तपासावयाचे आहे. कडा येण्यापूर्वीही नमुना किरण शोषतच असतो. ते शोषण मातीतील इतर द्रव्यांचे, लोखंडाच्याच बाहेरच्या कक्षांचे, वाटेतील हवेचे. शिवाय मापकाचा कलही त्यात मिसळलेला. संशोधक कडेच्या अलीकडील पट्ट्यात, बहुधा दीडशेपासून तीस इलेक्ट्रॉन व्होल्ट अलीकडेपर्यंत, एक सरळ रेषा बसवितो, तीच पुढे कडेखालून वाढवितो, आणि सबंध आलेखातून ती वजा करतो. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की रेषा जेथून घेतली तेथे ज्याची परीक्षा करावयाची त्या आतील इलेक्ट्रॉनने अद्याप तोंड उघडलेले नाही. वादातल्या पक्षकाराचे म्हणणे सुरू होण्यापूर्वीच तराजूचे पारडे समतोल करून ठेवावे, तसे हे. कडा दिसल्यानंतर ती अधिक ठसठशीत दिसावी म्हणून रेषा हलविणारा मनुष्य पारड्याला बोट लावणाऱ्या दुकानदाराहून निराळा नव्हे.

दुसरी पायरी प्रमाणीकरणाची. नमुना जाड असेल तर उसळी मोठी, पातळ असेल तर लहान. दोन नमुन्यांची तुलना करावयाची तर जाडीचा हा योगायोग दूर केला पाहिजे. म्हणून कडेपलीकडे एक गुळगुळीत वक्र बसवून कडेपाशी उसळीची उंची मोजतात आणि सबंध आलेखाला त्या उंचीने भागतात. प्रत्येक नमुन्याची उसळी आता एक ठरते. नमुन्याला मापण्याची मोजपट्टी नमुन्यातच सापडली, ही यातील खुबी. पण या एका भागाकारावर पुढचे सगळे उभे असते. उसळीची उंची प्रत्यक्षाहून दहा टक्के जास्त धरली, तर तांब्याच्या अणूभोवती बारा शेजारी असताना हिशेबात अकराहून थोडे कमीच भरतात. शेजारी कोठे गेले? कोठेही नाही. भाजक चुकला, एवढेच. आणि असा चुकलेला आलेख दिसावयास बरोबर आलेखाइतकाच देखणा असतो.

तिसरी पायरी सर्वांत नाजूक. कडेपलीकडे शोषण जे सावकाश उतरत जाते, ती त्या अणूची एकट्याची, शेजारी नसतानाची चाल; तिच्यावर शेजाऱ्यांच्या प्रतिध्वनीचे तरंग उठलेले असतात, आणि त्यांची उंची पुष्कळदा उसळीच्या काही शतांशच. तरंग हाती यावयाचे तर खालची संथ चाल काढून टाकली पाहिजे. परंतु एकटा अणू वेगळा मोजावयास मिळत नाही. त्याची चाल एका लवचीक वक्राने अनुमानावी लागते. वक्र ताठ ठेवला तर जुनी उतरण शिल्लक राहते आणि नसलेला शेजारी अगदी जवळ असल्याचा भास होतो. फार लवचीक ठेवला तर तो तरंगांच्याच मागे धावतो आणि खऱ्या शेजाऱ्याला गिळून टाकतो. मग थांबावे कोठे? यावर काढलेला तोडगा मोठा मार्मिक आहे. दोन अणू एकमेकांच्या किती जवळ येऊ शकतात याला निसर्गानेच मर्यादा घातली आहे; हायड्रोजन सोडला तर सुमारे एक अँग्स्ट्रॉमच्या, म्हणजे एका सेंटीमीटरच्या दहा कोटीव्या भागाच्या, आत कोणी शेजारी असणे संभवत नाही. म्हणून त्याहून जवळच्या अंतराचे जेवढे म्हणून आलेखात दिसेल तेवढेच पार्श्वभूमी म्हणून काढावे. त्यापलीकडे वक्राने हात घालू नये. तांब्याचा पहिला शेजारी २.५५ अँग्स्ट्रॉमवर असतो. मर्यादा तेथवर सैल सोडली तर तोच नाहीसा होईल. थांबण्याची जागा आवडीने ठरली नाही. वस्तूच्या स्वभावाने ठरली.

सुरतेतील खानदेशी मंडळी सापुताऱ्याच्या घाटाने वणीच्या गडावर जातात. त्या सप्तशृंगीच्या मूर्तीवर पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेंदराचा जाड थर चढला होता. २०२२ साली दर्शन काही आठवडे बंद ठेवून जाणकारांच्या देखरेखीखाली तो उतरविण्यात आला, आणि त्या वर्षीच्या नवरात्रात भाविकांना मूळ रूपाचे दर्शन झाले. ज्यांनी हे काम केले त्यांच्यापुढे आलेखाच्या वक्रासारखाच प्रश्न होता. शेंदूर संपतो आणि पाषाण सुरू होतो, ती रेषा हाताला कळावी कशी? थोडे कमी काढले तर रूप झाकलेले राहते. थोडे अधिक काढले तर जे गेले ते पुन्हा आणता येत नाही. तेथेही मर्यादा भक्ताच्या मनातील चित्राने ठरविता येत नाही. ती दगडालाच विचारावी लागते. शिवाय तो थर म्हणजे मळ नव्हता, असंख्य हातांची भक्ती होती. पार्श्वभूमी म्हणून जे काढावयाचे ते तुच्छ असते असे मुळीच नाही. ते केवळ आजच्या प्रश्नाचे उत्तर नसते.

आता सुरतेच्या हिऱ्याकडे वळू. कार्बनची शोषणकडा सुमारे २८४ इलेक्ट्रॉन व्होल्टपाशी येते. ग्रॅफाइटचे ठळक चिन्ह २८५ च्या आसपास दिसते. निर्भेळ हिऱ्यात ते नसते, त्याची चढण २८९ च्या सुमारास लागते. एकाच कार्बनच्या दोन अवस्था अशा ओळखता येतात. परंतु येथे एक विलक्षण अडचण उभी राहते. हे मृदू किरण ज्या आरशांवरून वळवून आणावे लागतात, त्या आरशांवर निर्वातातही उरलेल्या वायूंतून कार्बनचाच पातळ थर साचतो. तो थर आपल्या कडेपाशी किरण खातो, आणि नमुन्यापर्यंत पोहोचणारा प्रकाशच तेथे उणा पडतो. त्याचा हिशेब न करता हिरा तपासला, तर हिऱ्यात नसलेली लक्षणे हिऱ्यात दिसू लागतात. दोष आरशाचा, आळ हिऱ्यावर! उपाय असा की येणाऱ्या किरणांचे माप नमुन्याआधीच स्वतंत्रपणे घ्यावे आणि त्याने नमुन्याच्या मापास भागावे. त्यासाठी वाटेत जी बारीक जाळी ठेवतात तिच्यावर सोन्याचा ताजा मुलामा द्यावा लागतो. कारण जुन्या जाळीवरही कार्बन साचलेला असतोच, आणि साक्षीदारच बाटलेला असला तर शुद्धीकरण कशाचे?

बाजारात हिऱ्याचे कुळ पाहण्यास बहुधा अवरक्त किरणांचा आलेख वापरतात, पण तेथेही कथा हीच. बहुतेक नैसर्गिक हिऱ्यांत नायट्रोजनचे अणू भूगर्भातील उष्णतेत दीर्घ काळात एकत्र आलेले असतात, आणि सेंटीमीटरमागे १,२८२ व १,१७५ तरंगांपाशी त्यांच्या खुणा उमटतात. प्रयोगशाळेत वायूपासून वाढविलेल्या बहुतेक हिऱ्यांत त्या नसतात. काही थोड्या नैसर्गिक हिऱ्यांतही नसतात, म्हणून अशा खड्यांची आणखी परीक्षा करावी लागते. पैलू पाडलेल्या खड्यातून प्रकाश किती वळणे घेऊन गेला, हे सांगता येत नाही. तेव्हा जाडीचे माप म्हणून हिऱ्याच्या स्वतःच्या जाळीचे जे अंगभूत शोषण २,००० तरंगांच्या आसपास असते, तेच घेतात. येथेही मोजपट्टी खड्यातच. आणि त्याच टापूत, २,३५० च्या जवळ, हवेतील कर्बवायूची खूण येते. परीक्षकाचा उच्छ्वास यंत्राच्या पोकळीत शिरला, तर तोही हिऱ्याच्या आलेखावर उमटतो. दुसऱ्याची परीक्षा करणाऱ्याने आधी स्वतःचा श्वास वजा करावा, हे येथे सुभाषित नाही. रोजच्या कामाचा नियम आहे.

या ठिकाणी एक आक्षेप येईल. कोणी म्हणेल, इतकी जोखीम असेल तर वजाबाकी करूच नये. यंत्राने दिला तसा आलेख जगापुढे ठेवावा, तीच निर्भेळ सचोटी. वरवर हे म्हणणे मोठे सात्त्विक वाटते. पण यंत्राने दिलेला आलेख म्हणजे वस्तू नव्हे. वस्तू, हवा, आरसा, मापक आणि नमुन्याची जाडी या साऱ्यांची ती खिचडी आहे. ती तशीच वाढणे म्हणजे निवडण्याचे ओझे वाचकाच्या शिरावर टाकून आपण हात झटकणे होय. दुसरा आक्षेप याच्या उलट: प्रत्येक रेषा जर माणसानेच ओढली, तर सत्य म्हणून काही नाहीच, ज्याचा वक्र त्याचे सत्य. हेही खरे नाही. चुकीची रेषा कोठे ना कोठे पकडली जाते: ती दोन अणूंना अशक्य इतके जवळ आणते, किंवा ज्याची रचना आधीच पक्की माहीत आहे अशा तांब्याच्या पत्र्यावर तोच नियम लावला असता बाराऐवजी दुसरी संख्या देते. निवड माणसाची असली तरी निवडीवर अंकुश वस्तूचा असतो.

पण या विद्येने मला सर्वांत अधिक विचारात पाडले ते निराळ्याच एका गोष्टीने. उपनिषदांच्या नेतिमार्गावर वाढलेल्या आपल्या मनाला सवय अशी की उपाधी एकेक करून दूर साराव्यात आणि अखेर जे एकटे, निःसंग उरेल तेच खरे मानावे. येथे उलट घडते. अणूची एकट्याची चाल ही येथे पार्श्वभूमी ठरते, आणि जपून ठेवावयाचे ते शेजाऱ्यांचे पडसाद! यात वेदान्ताचे खंडन आहे असे कोणी समजू नये. प्रश्नच दोन आहेत. एक विचारतो, याच्या मुळाशी काय आहे. दुसरा विचारतो, हा कोणाच्या संगतीत उभा आहे. पार्श्वभूमी कोणती आणि मूर्ती कोणती हे वस्तू एकटी ठरवीत नाही. आपण विचारलेला प्रश्न ते ठरवितो. म्हणून खरा अप्रामाणिकपणा वजा करण्यात नाही, प्रश्न लपविण्यात आहे. किंवा एक प्रश्न विचारून दुसऱ्याची वजाबाकी करण्यात आहे.

आपण माणसांच्या बाबतीत हेच नित्य करतो. सोयरीक जुळविताना ‘घरची पार्श्वभूमी काय?’ हा आपला पहिला प्रश्न. श्रीमंताघरच्या मुलाची उसळी मोजताना वाडवडिलांनी दिलेली जाडी आपण वजा करीत नाही; ती त्याच्याच नावे जमा करतो. उधना-लिंबायतच्या एका खोलीत यंत्रमागाच्या खडखडाटात शिकलेल्या मुलाचे गुण मात्र जसेच्या तसे वाचतो. एकाला प्रमाणीकरण नाही आणि दुसऱ्यालाही नाही, म्हणजे समान न्याय झाला, असे आपण स्वतःस समजावतो. मुलाने किती झेप घेतली असा प्रश्न असेल, तर प्रत्येकास त्याच्या त्याच्या परिस्थितीने भागावेच लागेल. मात्र शस्त्रक्रिया करणारा हात किती स्थिर आहे असा प्रश्न असेल, तर लहानपणीची खोली केवढी होती हे तेथे गैरलागू आहे. कारण प्रमाणीकरणात तुलना मिळते पण मूळ परिमाण हरपते, आणि रोग्याला परिमाणच हवे असते. आणि परिस्थिती वजा करण्याच्या उत्साहात आईचे कष्ट, शेजाऱ्याने दिलेला कोपरा, शिक्षकाने दिलेली पुस्तके हीही पुसून ‘हा केवळ स्वतःच्या बळावर उभा राहिला’ असे म्हणणे, हा तर फाजील लवचीक वक्र झाला. त्याने शेजारीच गिळून टाकले.

तेव्हा वजा करण्याचा अधिकार कोणत्या अटींवर? प्रश्न आधी स्पष्ट मांडलेला असावा. रेषा उत्तर पाहण्यापूर्वी आखलेली असावी, आणि आवडत्या व नावडत्या नमुन्याला तीच लावावी. कोठे थांबावयाचे ते वस्तूच्या स्वभावावरून ठरावे. स्वतःचा आरसा आणि स्वतःचा श्वास यांचे माप प्रथम घ्यावे. आणि मूळ आलेख कधीही नष्ट करू नये; उतरविलेला शेंदूर पुन्हा चढत नाही, पण वजा केलेली रेषा पुन्हा मिळविता येते, एवढी सवलत या विद्येने आपल्याला दिली आहे. ती सवलत उद्याच्या परीक्षकाची ठेव होय. ती मोडण्याचा आपल्याला अधिकार नाही.

महिधरपुऱ्यात हातोहात फिरणाऱ्या पुडीसोबत आज प्रमाणपत्राचा कागद येतो, आणि त्यावर खड्याचे वजन, रंग, कुळ असे काय सापडले ते लिहिलेले असते. काय वजा केले याची नोंद ज्या परीक्षकाच्या दप्तरी तितक्याच नेटकेपणे ठेवलेली आहे, आणि कोणीही विचारले असता जो ती दाखवू शकतो, त्याच्या शब्दावर पुडी न उघडता विश्वास ठेवावा.